द्विवचनातला नून

धाकट्याने खिशातून टेप काढून टेबलाखाली सरकवली, तेव्हा ताई कुणाच्या तरी बाळाच्या जन्मदाखल्याचं भाषांतर करत होती. "पाय उचल जरा," तो म्हणाला. तिने पाय उचलले नाहीत. टेप तिच्या चपलेला अडून वाकडी झाली. दुकान मोजायचं, मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालायचं, पुढची बाजू थोरल्याची आणि मागची धाकट्याची, असं ठरलं होतं. पार्टिशन नेमकं तिच्या खिडकीवर येत होतं. खिडकीचं काय करायचं यावर दोघांनी बराच खल केला होता. खिडकीशी बसणाऱ्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

या दोन भावांमधून कधी विस्तव जात नव्हता. एकाच खोलीत बसून ते एकमेकांशी ताईमार्फत बोलत. "ताई, त्याला सांग, प्रिंटरला हात लावू नकोस." "ताईऽ, त्याला सांग, प्रिंटर त्याच्या सासऱ्याने दिलेला नाही." दोघांचे निरोप ती तिकडून इकडे पोचवायची, आणि पोचवताना दोघांचीही भाषा सुधारायची, म्हणून दोघांनाही ती डोळ्यात खुपायची. उभ्या आयुष्यात या भावांचं एकमत झालं ते एकदाच. ते म्हणजे हिला इथून उठवायचं.

दुकान वडिलांचं. गल्लीत त्यांना मुनशी म्हणत. तरुणपणी ते बंदरावर कारकून होते. अरबी गलबतांवरच्या लोकांशी भांडता भांडता अरबी शिकले, मग त्या भाषेच्या असे काही नादी लागले की नोकरी सोडून भाषांतराचं दुकान थाटून बसले. दारावर निळी पाटी, पाटीवर पांढरी अरबी अक्षरं, त्यांच्याच हातची: ‘मुनशी व अवलादुहू’. मुनशी आणि त्यांची अवलाद. ‘व’ तर दोन्ही भाषांत एकच. खाली आपल्या लिपीत ‘भाषांतर करून मिळेल’.

अवलाद हा शब्द आपल्याकडे रागात वापरतात, तोही एकट्याला उद्देशून: ही कुणाची अवलाद? मुनशींच्या पोरांना कुणी तसं म्हटलं की मुनशी चिडायच्या आधी वचन दुरुस्त करायचे. "अवलाद एक नसते हो. एक असतो तो वलद. जुन्या दस्तऐवजांत अमुक वल्द तमुक लिहितात ना, तोच. त्या वलदचं अनेकवचन अवलाद." मग समोरचा शिवी विसरून नुसता बघत राहायचा.

ही अनेकवचनं म्हणजे त्या घरातला खेळ होता. इतर भाषांत शब्दाला मागे शेपूट लावली की अनेक होतात. अरबीत शेपटीवर भागणारे शब्द आहेत, पण खरी मजा उरलेल्यांची. तिथे शब्द आतून मोडतात आणि त्याच हाडांचा नवा सांधतात. एक किताब, अनेक कुतुब. एक कलम, अनेक अकलाम. त्याला म्हणतातच मोडलेलं अनेकवचन. कुठला शब्द कसा मोडेल त्याचा नेम नाही, घोकावंच लागतं. जेवायला बसलं की मुनशी एक टाकायचे आणि मुलांनी अनेक झेलायचे.

"हाल?"

"अहवाल!"

"कायदा?"

"कवायद!"

"नायब?"

"नवाब!"

हो, नवाब हे नायबाचं अनेकवचन. आपण एकेकट्याला नवाब म्हणून डोक्यावर बसवलं, त्याला मुनशी काय करणार? जो आधी ओरडेल त्याला उद्या दुकानात बाबांच्या शेजारी, खिडकीपाशी बसायला मिळायचं. रोज तीच ओरडायची. थोरला हळूहळू खेळायचा थांबला आणि जेवण लवकर आटोपून उठायला लागला. धाकटा प्रत्येक शब्दाला एकच शेपूट लावून मोकळा व्हायचा, आणि ती त्याला हसायची. हसायची म्हणजे ताट पुढे सारून, मागे रेलून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं हसायची. लहान बहीण-भावांत चालतं असं म्हणावं, तर ती पुढेही तशीच हसत राहिली. थोरल्याच्या साखरपुड्यात त्याने सासऱ्यांसमोर रुबाबात एक अरबी वाक्य टाकलं. ताईसाहेब समोरून म्हणाल्या, "क्रियापद चुकलं." सासरे हसले, थोरला नाही. त्या दिवसापासून त्याने तिला पाण्यात पाहिलं, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

तिचं टोपणनाव त्यानेच ठेवलं होतं. मोडलेल्या अनेकवचनांवर जीव, म्हणून मोडकी. लहानपणी ती त्या नावाला ओ द्यायची. पुढे तिचं लग्न मोडलं, ती एक ट्रंक घेऊन परत आली, आणि थोरल्याने दारातच म्हटलं, "ये, मोडकी." शब्द तोच होता. मुनशींनी वर बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना कुठली दुरुस्ती सुचली नाही. ते फक्त खिडकीपाशी सरकले आणि त्यांनी शेजारची खुर्ची पुसली.

त्या खुर्चीवर ती बसली ती बसलीच. थोरला व्यापाऱ्यांच्या बैठकांना दुभाषा म्हणून जायचा. त्याची अरबी कानावरची, बोलण्यापुरती, पण छाती काढून बोलायचा त्यामुळे खपून जायचं. धाकटा संगणक, छपाई, शिक्के बघायचा. लिहिलेलं सगळं तिच्या हातून जायचं. दुकानातून बाहेर पडणारा एकही कागद असा नव्हता की ज्यावरून तिची नजर फिरली नाही. त्याबद्दल तिला गर्व होता, आणि तो ती लपवत नव्हती. चुकलेला कागद ती दोन बोटांत धरून परत द्यायची, मेलेला उंदीर धरावा तसा.

मुनशी गेले, आणि वर्ष उलटायच्या आत टेप निघाली.

"मी कुठे बसू?" तिने थोरल्याला सरळ विचारलं.

"घरी बस की. बाईमाणसाने किती दिवस दुकानात बसायचं?"

"तीस वर्षं बसले तेव्हा बाईमाणूस नव्हते का?"

"तेव्हा बाबा होते. जागा भाड्याची आहे. मालकाने नवा करार आम्हा दोघांच्या नावाने केलाय." थोरल्याने पाटीकडे बोट दाखवलं. "आणि बाबांनी काय लिहिलंय वाच. अवलाद. मुलगे. त्यात तू कुठेस?"

इथे ती गप्प बसती तर कदाचित एखादा कोपरा तिला मिळालाही असता. धाकट्याचा तिच्यावर तेवढा राग नव्हता. कागद तपासायला कुणीतरी लागणार, हे त्याला कळत होतं. पण समोर एक चुकीचा अर्थ उघडाबोडका उभा होता. ती कशी गप्प बसेल?

"अवलाद म्हणजे मुलगे नव्हे, मुलं," ती म्हणाली. "पोरं-पोरी सगळी आली त्यात. आणि एवढंच नाही. शाळेत संस्कृत घोकलंस ना, द्विवचन आठवतं का? अरबीतही आहे. दोघं असले की द्विवचन. अनेकवचनाला निदान तिघं लागतात. बाबांना तुम्ही दोघंच म्हणायचे असते तर त्यांनी द्विवचन लिहिलं असतं. त्यांनी अनेकवचन लिहिलं, कारण त्यांनी मोजली तीन. नीट बघ, त्या पाटीवर मी आहे. मी नसते तर ती पाटी चूक ठरली असती."

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. तिला वाटलं, जिंकले. जेवणाच्या ताटावर वाटायचं अगदी तसंच.

मग धाकटा टेप गुंडाळत म्हणाला, "मग पाटी बदलू या."

थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याकडे कौतुकाने पाहिलं. "बदलू या," तो म्हणाला, ताईमार्फत नव्हे, सरळ त्यालाच. "द्विवचन करू. व्याकरणशुद्ध."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण द्विवचनाची ती वाट तिनेच आत्ता तोंडाने सांगून टाकली होती.

आठवड्याभरात रंगारी आला. वय झालेला, हात मात्र स्थिर. अरबी त्याला येत नव्हती; समोर कागद धरला की अक्षर न अक्षर उतरवायचा. कागद धाकट्याने संगणकावर तयार केला होता. त्याचा हिशेब सोपा होता: दोन मुलगे म्हणजे वलदान, ‘त्याचे’ म्हणजे हू, एकाला दुसरं चिकटवलं की झालं वलदानहू. जन्मभर त्याने शेपट्याच लावल्या होत्या. थोरल्याने कागद डोळ्यांसमोर धरला, लांब धरला, आणि सवयीने खिडकीकडे सरकवला. "बघून दे. रंगवल्यावर चूक नको."

आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ज्या बाईला पाटीवरून पुसायचं, तिच्याकडूनच पुसणं तपासून घ्यायचं! पण त्या दुकानात कागद तपासायचा म्हणजे तिकडेच सरकवायचा, हे त्याच्या हातांच्या अंगवळणी पडलं होतं.

तिने कागद घेतला. चूक तिला कागद हातात यायच्या आधीच दिसली होती.

अरबीत द्विवचनाच्या शेवटी ‘न’ असतो. त्या अक्षराचं नाव नून. वलदान, दोन मुलगे. पण त्या मुलग्यांना कुणाची मालकी लागली, ते ‘त्याचे’ झाले, की तो नून गळतो. ‘त्याचे दोन मुलगे’ म्हणजे वलदाहू. नून ठेवून वलदानहू लिहिणं म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षात छडी खायची चूक. हा नियम मुनशींनी तिला याच खिडकीत शिकवला होता. "मालकी आली की नून गेला," ते म्हणाले होते आणि दगडी पाटीवरचं अक्षर अंगठ्याने पुसून त्यांनी तिच्या फ्रॉकला खडू लावला होता.

थोरला वाट पाहत उभा होता. मागे रंगारी डबा ढवळत होता.

"उत्तम आहे," ती म्हणाली आणि कागद परत दिला. दोन बोटांत नाही, चांगला दोन्ही हातांनी.

दुपारी नवी पाटी चढली तेव्हा ती टेबलाचे खण रिकामे करत होती. शब्दकोश, टाचण्यांची डबी, बाबांचा चष्मा. जाताना दारात थांबून तिने वर पाहिलं. निळ्यावर ठसठशीत पांढरा नून. अरबी येणारा प्रत्येक माणूस आता या दोन नवाबांना दारातच ओळखणार होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली भाड्याने मिळाली. खाली दिवसभर ठोकठोक, वर ती. जुनी काही गिऱ्हाइकं जिना चढून यायला लागली. रोज सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने ती मुद्दाम वळसा घालून जुन्या गल्लीतून जायची. भाजी उलट्या दिशेला मिळायची. समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती पाटी वाचायची आणि ताजीतवानी होऊन परतायची. एकदा दोन परदेशी विद्यार्थ्यांनी पाटीचा फोटो काढला. एकाने बोट दाखवलं, दुसरा हसता हसता वाकला. ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती. असला आनंद चांगल्या माणसाला शोभत नाही म्हणतात. तिला तो शोभत होता, आणि तिने चांगलं असल्याचा दावा कधी केला नव्हता.

एक दिवस जिन्यावर जड पावलं वाजली. खजूरवाले होते. मुनशींचे बंदरावरच्या दिवसांपासूनचे स्नेही, जन्माने अरब, इथेच म्हातारे झालेले. मुनशींशी त्यांचं भांडण आणि मैत्री दोन्ही व्याकरणावरून. भाषांना बहिणीच असतात, भाऊ नसतात, असं मुनशी त्यांना सांगायचे. आपण भगिनी भाषा म्हणतोच. अरबीच्या एका बहिणीने, हिब्रूने, हा मोडून सांधायचा उद्योग जवळजवळ टाकून दिला, इथिओपियाकडच्या बहिणींनी थोडाफार जपला, आणि अरबीने तोच धंदा केला. यावर त्या दोघांच्या तासन्‌तास बैठका झडायच्या आणि चहा गार व्हायचा.

खजूरवाले खुर्चीवर टेकले, दम घेतला, कागद पुढे ठेवले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पोरी, राग मानू नको. दुकानावरून आलो. मुनशींना मी फार मोठा माणूस समजत होतो."

"होतेच ते."

"असतील. पण पाटीवर नून तसाच ठेवलाय. अगं, आमचं शेंबडं पोरसुद्धा तो काढतं. मला वाटलं डोळे फसवतायत, म्हणून जवळ जाऊन वाचलं. आयुष्यभर मला व्याकरण शिकवत होता हा माणूस! आता कळतं, सगळा पोकळ डोलारा."

"ती पाटी बाबांनी लिहिलेली नाही," ती घाईने म्हणाली. "ती नवी आहे. या दोघांनी केली."

"पोरी, रंग कुणी का लावला असेना. नाव कुणाचं आहे? आणि पोरांना शिकवलं कुणी?"

खजूरवाल्यांनी आपले कागद पुन्हा उचलले, चाळल्यासारखं केलं. "हे जरा बघून कर," ते म्हणाले. ‘बघून कर’! आजवर त्यांनी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मुनशींची विद्या पोकळ ठरली तशी तिचीही. ते जिना उतरून गेले, आणि खालची ठोकठोक तिला एकदम असह्य झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रंगाऱ्याकडे गेली. चूक सांगितल्यावर म्हातारा भडकला. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं? आणि माझ्या हाताने ते रंगवून घेतलंत? तुमच्या घरच्या भांडणात माझ्या हाताला बट्टा!" तिने ऐकून घेतलं. त्याने शिव्या देत शिडी खांद्यावर घेतली, निळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या डब्या तिच्या हातात कोंबल्या, आणि म्हणाला, "मी वर चढणार नाही. तुमची घाण तुम्ही काढा. शिडी धरतो."

दुकान नुकतंच उघडत होतं. ती चढली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात पॉलिश पेपर. लिहिताना पुढच्या अक्षराला जोडलेला नून अगदी एवढासा असतो: एक दात आणि वर एक टिंब. तिने टिंबापासून घासायला सुरुवात केली.

"ए मोडकी! उतर खाली!" थोरला रस्त्यातूनच ओरडत आला. "पाटीची नासधूस करतेस? पोलीस बोलावू?"

"बोलाव. त्यांच्यात कुणाला अरबी येते का विचार."

धाकटा आतून बाहेर आला. समोरचे दुकानदार आपापल्या दारांत आले. ती घासत राहिली. पांढरी भुकटी खाली थोरल्याच्या काळ्या कोटावर पडत होती.

"चूक काढतेय," ती वरूनच म्हणाली. "मालकी आली की नून जातो. बाबांनी शिकवलं होतं. तू तेव्हा जेवणावरून लवकर उठून जायचास."

थोरला पाटीकडे बघत राहिला. ओठांनी त्याने शब्द जुळवला, नूनसकट, मग नून सोडून. त्याचा चेहरा उतरत गेला. "तू तपासली होतीस," तो हळू म्हणाला. "तू उत्तम म्हणालीस."

"म्हणाले."

"म्हणजे इतके महिने लोक आम्हाला हसतायत, आणि तू..."

"रोज येऊन बघत होते. लोक तुम्हाला हसत होते तोवर मला फार बरं वाटत होतं." तिने ब्रश निळ्यात बुडवला. "आता बाबांना हसायला लागलेत. तेवढ्यासाठी आले. तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको."

"ताई," धाकटा मध्येच म्हणाला, "बाकीचे कागद पण... म्हणजे अधूनमधून येऊन बघशील का?"

"नाही," ती आणि थोरला एकदमच म्हणाले.

तिने नूनच्या जागेवर निळा हात फिरवला. सुटं पडलेलं शेवटचं अक्षर पांढऱ्याने गोल बंद केलं, बाबा करायचे तसं, खालून वर. मग शिडीवर थोडी मागे रेलून, चूक शोधणाऱ्या नजरेने तिने सगळी ओळ उजवीकडून डावीकडे वाचली. मुनशी आणि त्यांचे दोन मुलगे. बोट ठेवायला कुठेही जागा नव्हती.

"झालं?" रंगाऱ्याने खालून विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "आता पाटी बरोबर आहे."